रानातील सरकारी नोकरी : अर्ज करण्यापूर्वी

गेल्या चैत्रातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून आम्ही सर्व मंडळी ओसरीवर बसलो असता माझ्या धाकट्या बंधूंची कन्या म्हणाली, "अप्पाकाका, मी वनरक्षकाच्या परीक्षेला बसणार आहे." मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. क्षणभर कोणी बोलेना. मग तिच्या आईने विचारले, "सरकारी नोकरी ठीक, पण रानात?" आमचे चिरंजीव म्हणाले, "पदवी पदरी असता बारावीवाल्यांच्या रांगेत कशाला उभी राहतेस?" आणि आमच्या वृद्ध मातोश्रींनी, "एकटी पोर वाघाच्या तोंडी द्यायची की काय?" असे म्हणून आपल्यापुरते प्रकरण मिटवून टाकले. निवाडा मात्र माझ्यावर सोपविण्यात आला. कारण जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास सर्व विषय ठाऊक असतात, असा घरोघरी समज असतो.

वस्तुतः मला या नोकरीविषयी काडीमात्र माहिती नव्हती. म्हणून आधी जाहिराती व नियम वाचले, आणि मग मेळघाटात वनपाल असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे चार दिवस राहून आलो. जे कळले ते, अशीच चर्चा ज्या घरांत चालू असेल त्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने येथे देतो.

पदांची उतरंड

'वनपाल' हा शब्द आजकालचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लाकूड, वेळू, वल्कले इत्यादी वनद्रव्यांवर कुप्याध्यक्ष नेमलेला असून त्याच्या हाताखाली द्रव्यवनपाल आहेत. हत्तींच्या रानांसाठी नागवनपाल निराळे. सांप्रतचे वनखाते मात्र इंग्रजी अमदानीत उभे राहिले. 1864 साली ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, 1878 साली देहरादून येथे वनविद्येची शाळा निघाली, आणि ज्याच्या आधारे वनगुन्हे आजही नोंदविले जातात तो भारतीय वन अधिनियम 1927 सालचा आहे.

आपल्या राज्यात जंगलाचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे नियतक्षेत्र. त्याचा राखणदार वनरक्षक. काही नियतक्षेत्रे मिळून एक वर्तुळ, त्यावर वनपाल. काही वर्तुळांचे वनपरिक्षेत्र, त्यावर वनक्षेत्रपाल. त्यावर विभाग व त्याचे उपवनसंरक्षक. यांपैकी वनपालाची जागा मुख्यतः वनरक्षकांच्या पदोन्नतीने भरतात. तेव्हा ज्यास वनपाल व्हावयाचे आहे त्याने आधी वनरक्षक झाले पाहिजे. वनक्षेत्रपालासाठी पदवी व महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा लागते. भारतीय वनसेवेची वाट संघ लोकसेवा आयोगातून जाते. चिरंजीवांच्या आक्षेपास पुतणीचे उत्तर सरळ होते : "वरची परीक्षाही देईन, पण तिच्या जागा थोड्या, आणि मला वाट पाहत घरी बसायचे नाही."

पात्रता

2023 साली वनरक्षकांच्या 2,138 जागांसाठी भरती झाली. तीतील अटी पाहिल्या म्हणजे अंदाज येतो. शिक्षण बारावी उत्तीर्ण, आणि त्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय अवश्य. अनुसूचित जमातीचे उमेदवार, माजी सैनिक, तसेच नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात बळी पडलेल्या वनकर्मचाऱ्यांची मुले यांस दहावी पुरे होती. वय 18 ते 27. मागास वर्गांस पाच वर्षांची सवलत. उंची पुरुषांस 163 व स्त्रियांस 150 सेंटिमीटर. पुरुषांची छाती 79 सेंटिमीटर व फुगवून 84. अनुसूचित जमातींस उंचीत सूट. लेखी परीक्षा 120 गुणांची : मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान व बुद्धिमापन. पुढे 80 गुणांची धाव. पुरुषांस पाच किलोमीटर, स्त्रियांस तीन. आणि शेवटी चालणे : चार तासांत पुरुषांनी 25 किलोमीटर, स्त्रियांनी 16. मूळ वेतन 21,700 पासून 69,100 रुपयांपर्यंतच्या श्रेणीतले, वर भत्ते. जागांपैकी तीस टक्के स्त्रियांसाठी. अटी दर भरतीस बदलू शकतात. म्हणून अर्ज करताना त्या वेळची जाहिरात अक्षरशः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पालक मंडळी येथेच थांबतात. पगार ठरला, परीक्षा कळली, की क्लासचा शोध सुरू होतो. मीही थांबलो असतो. परंतु मेळघाटातील त्या चार दिवसांनी मला शिकविले, की पात्रता हे या नोकरीचे केवळ दार आहे. घर आत फार निराळे आहे.

काम

माझा विद्यार्थी पहाटे निघतो तो पायी. नियतक्षेत्राच्या सीमा, पाणवठे, तोडलेल्या झाडांचे ताजे बुंधे, वाटेवरचे ठसे, सर्व पाहत जावयाचे व मोबाइलवर नोंदवावयाचे. अवैध तोड सापडली तर बुंध्यावर व मालावर हातोड्याचा ठसा मारावयाचा, पंच बोलवावयाचे, पंचनामा व गुन्हा लिहावयाचा. आणि काही वर्षांनी न्यायालयात उभे राहून तेच सर्व पुन्हा सांगावयाचे. तो मला म्हणाला, "सर, तुम्ही शुद्धलेखनाला छड्या मारल्यात, त्यांचा उपयोग इथे झाला. पंचनाम्यात एक तारीख चुकली, की आरोपी सुटतो." मास्तरास याहून अधिक गुरुदक्षिणा काय हवी!

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ करून ठेवाव्या लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला कोणी पेटवितो आणि ती आग रान धरते. आता उपग्रहावरून आगीची वर्दी मोबाइलवर येते. विझवायला मात्र माणूसच जावा लागतो. हिरव्या फांद्या झोडून, पालापाचोळा उडविणारी यंत्रे पाठीवर घेऊन, वारा पडल्यावर रात्रभर हे काम चालते. होळी याच हंगामात येते. माझ्या विद्यार्थ्याने नोकरीला लागल्यापासून घरची होळी पाहिलेली नाही.

याखेरीज रोपवाटिका व लागवड आहे. वाघाने गुरू मारले, रानडुकरांनी शेत लोळविले, की भरपाईचे पंचनामे आहेत. मुक्काम पुष्कळदा आडगावी. मुलांची शाळा दूर, दवाखाना त्याहून दूर. हाती बहुधा काठी. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करीत असलेली एक स्त्री-वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. मातोश्रींची भीती अगदीच वाऱ्यावरची नव्हती, हे मी घरी परतल्यावर त्यांस प्रांजळपणे सांगितले.

तरी विद्यार्थ्याच्या मते वाघापेक्षा माणूस कठीण. रामायणातील दधिमुखाची कथा त्यास मी सांगितली. सुग्रीवाच्या मधुवनाचा हा राखणदार. सीतेचा शोध लावून परतलेले वानर मधुवनात घुसले. त्याने अटकाव केला, तर उलट त्यासच मार बसला. तो तक्रार घेऊन राजाकडे गेला, तो राजा वानरांवरच प्रसन्न! विद्यार्थी खूप हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "सर, चोराला धरले की त्याचा कोणीतरी वर असतोच. अशा वेळी कागद पक्का असावा, आणि गाव आपल्या बाजूला असावे. गाव नुसत्या धाकाने आपल्या बाजूला येत नाही." 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर तर रानावरील गावांचे हक्क कायद्यानेच मान्य झाले आहेत, ग्रामसभेशी बोलता येत नाही, त्याने या नोकरीत पडू नये.

निवाडा

परतल्यावर हे सर्व मी पुन्हा ओसरीवर सांगितले, काही न लपविता. पुतणीला म्हटले, "आधी सोळा किलोमीटर चालून दाखव." दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या घाटरस्त्यावर मी घड्याळ घेऊन पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे, आणि ती पुढे. तीन तास चाळीस मिनिटे लागली. पायास फोड आले होते. त्यांविषयी ती बोलली नाही, वाटेत दिसलेल्या पळसांविषयी बोलली.

मी होकार दिला, परंतु तीन प्रश्न तिला लिहून दिले, आणि ते प्रत्येक उमेदवाराने स्वतःस विचारावेत असे मला वाटते. सणासुदीला घरापासून दूर राहणे आपणांस व घरच्यांस साधेल काय? ओळखीच्या माणसाविरुद्ध खरा पंचनामा लिहिण्याचे धैर्य आहे काय? आणि जेथे कोणी पाहत नाही तेथे रोज चालत जाण्याची गोडी आहे काय? यांपैकी तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर सरकारी नोकऱ्या दुसऱ्या पुष्कळ आहेत.

मातोश्रींनी अद्याप संमती दिलेली नाही. मात्र परवा त्यांनी सुनेला विचारले, की रानात टिकतील असे मेथीचे लाडू किती दिवस पुरतात.