घर, लेकरू आणि नोकरी : मुंबई उच्च न्यायालयाचे तीन निवाडे

कल्याणच्या पुढचे शहाड हे स्थानक म्हटले तर अगदी लहान. एका बाजूस कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची हद्द, दुसऱ्या बाजूस उल्हासनगर, जवळच बिर्ला मंदिर आणि सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. या परिसरात आणि त्यालगतच्या धर्मग्रामांत राहणारी आपली बहुतेक कुटुंबे नोकरदार आहेत. आयुष्यभराची कमाई दोन खोल्यांत गुंतलेली, मुले शाळेत, आई-वडील दोघेही कामावर. अशा कुटुंबांना न्यायालय दूरचे वाटते. 'कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण सहज म्हणतो. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले काही निर्णय थेट आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेले आहेत. त्यांपैकी तीन आम्ही येथे निवडले आहेत : एक दिवाणी स्वरूपाचा, एक फौजदारी आणि एक सेवाविषयक.

निवाडा कसा वाचावा?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ साली झाली. मुंबईच्या मुख्य पीठाखेरीज नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथे त्याची खंडपीठे आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले आहे. या न्यायालयाने सांगितलेला कायद्याचा अर्थ राज्यातील कनिष्ठ न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते.

वर्तमानपत्रांत 'न्यायालयाने फटकारले', 'न्यायालयाने खडसावले' असे मथळे येतात. सुनावणीच्या ओघात न्यायमूर्तींनी काढलेले उद्गार म्हणजे निकाल नव्हे. काही आदेश अंतरिम, म्हणजे तात्पुरते असतात. एखादा निर्णय एका विशिष्ट संस्थेच्या नियमापुरता असतो, तर एखादा सर्वांना लागू होणारे तत्त्व सांगतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे खोटी आशाही बाळगावी लागत नाही आणि विनाकारण भीतीही वाटत नाही.

पहिला निवाडा : डोंबिवलीच्या पासष्ट इमारती

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत ६५ इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेची बांधकाम परवानगी म्हणून जी कागदपत्रे दाखवण्यात आली, ती बनावट होती. त्याच बनावट कागदांच्या आधारे 'महारेरा' या नियामक प्राधिकरणाकडे प्रकल्पांची नोंदणी करून घेण्यात आली. ग्राहकांनी नोंदणी क्रमांक पाहिला, विश्वास ठेवला आणि घरे घेतली. एका वास्तुविशारदाने हा प्रकार उघडकीस आणून उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०२२ साली पोलिसांत गुन्हेही नोंदवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ही बेकायदा बांधकामे तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश महापालिकेला दिला.

हजारो रहिवाशांच्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही तर प्रामाणिकपणे पैसे भरले, आमचा दोष काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. शासनाने २०२५ मध्ये त्यांना दिलासा देण्याचे आश्वासन दिले. तरीही न्यायालय इतके कठोर का झाले, हे समजून घेतले पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी याच ठाणे जिल्ह्यात शिळफाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. परवानगी नसलेल्या इमारतीचा पाया कोणी तपासलेला नसतो, तिच्या खांबांत किती लोखंड आहे हे कोणाला ठाऊक नसते. वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला प्रभू येशूने दिला, तो आपण अनेकदा ऐकला आहे. येथे तो शब्दशः खरा ठरतो.

डोंबिवलीचा आदेश त्या ६५ इमारतींपुरता असला तरी त्यामागील तत्त्व सर्वत्र लागू आहे : बेकायदा बांधकाम केवळ लोक राहू लागले म्हणून कायदेशीर होत नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात हेच तत्त्व अधोरेखित केले. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज व पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावे, असे निर्देश त्या निकालात आहेत.

म्हणून घर घेणाऱ्याने काय करावे? महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. बांधकाम परवान्याचा क्रमांक व दिनांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जावे आणि तो परवाना खरोखर दिला आहे काय, याची खातरजमा करावी. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे. इमारत पूर्ण झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे. बँकेने कर्ज मंजूर केले किंवा मालमत्ता कराची पावती मिळाली, म्हणजे इमारत अधिकृत झाली, हा समज चुकीचा आहे. फसवणूक झाल्यास प्रकल्प नियामक कायद्याखाली रक्कम व्याजासह परत मागता येते आणि फौजदारी तक्रारही करता येते. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात.

दुसरा निवाडा : बदलापूरचे प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवण्यास झालेल्या विलंबाने लोक संतापले आणि २० ऑगस्ट रोजी बदलापूर स्थानकात तासन्‌तास रेल्वे रोखली गेली. उच्च न्यायालयाने कोणाच्या याचिकेची वाट न पाहता स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांबरोबरच शाळेच्या व्यवस्थापनालाही प्रश्न विचारले : माहिती मिळाल्यावर तुम्ही ती पोलिसांना का कळवली नाही?

हा प्रश्न आपल्या सर्व शाळांनी, वसतिगृहांनी आणि धर्मशिक्षण वर्गांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'आधी आपण अंतर्गत चौकशी करू', 'संस्थेचे नाव खराब होईल', या सबबींना कायद्यात स्थान नाही. ख्रिस्तसभेलाही हा धडा जगभर मोठी किंमत मोजून शिकावा लागला आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली या विषयावर सार्वत्रिक नियम केले.

पीडित बालकाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. उच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षेविषयी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, सीसीटीव्ही कॅमेरे, शालेय वाहतुकीची जबाबदारी अशा बाबींवर तिने शिफारशी केल्या.

या प्रकरणाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपीला पोलीस वाहनातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ तो पोलिसांच्या गोळीने ठार झाला. अनेक ठिकाणी पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मात्र स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका व्यक्त केली. आरोपीच्या आई-वडिलांनी हे प्रकरण पुढे चालवण्याची इच्छा नसल्याचे सांगितले, तरीही न्यायालय थांबले नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती मोहिते डेरे व न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने विशेष तपास पथकाद्वारे चौकशीचा आदेश दिला. दखलपात्र गुन्हा दिसून येत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे तत्त्व पोलिसांनाही तितकेच लागू होते, असा त्याचा अर्थ.

आपल्यापैकी कित्येकांना हा आदेश रुचला नसेल. ज्या मातेच्या लेकराला इजा झाली, तिचा संताप आम्ही समजू शकतो. पण दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार बंदुकीला दिला, तर उद्या निरपराध माणसालाही संरक्षण उरणार नाही. शिवाय खटलाच चालला नाही, तर पीडित मुलींच्या बाजूचे सत्यही न्यायालयात सिद्ध होत नाही. अत्यंत घोर गुन्हा करणाऱ्या मनुष्याचीही प्रतिष्ठा नष्ट होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि २०१८ साली देहदंडाविषयी धर्मशिक्षण ग्रंथात केलेल्या बदलाचा आधारही तीच आहे. पीडित बालकाची बाजू घेणे आणि कायद्याची बाजू घेणे यांत विरोध नाही.

तिसरा निवाडा : मातृत्व रजा

भारतीय विमानतळ प्राधिकरणातील एका महिला कर्मचाऱ्याची ही हकिगत. तिचा पती त्याच प्राधिकरणात नोकरीस होता. त्याच्या निधनानंतर तिला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. त्या विवाहापासून तिला एक अपत्य होते. पुढे तिने पुनर्विवाह केला आणि त्या विवाहातून तिला दोन अपत्ये झाली. शेवटच्या बाळंतपणासाठी तिला मातृत्व रजा नाकारण्यात आली. कारण काय, तर तिला आधीच दोन अपत्ये आहेत.

१० मे २०२४ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदुरकर व न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने ही नामंजुरी रद्द केली. पहिले अपत्य तिच्या सेवेत येण्यापूर्वीचे होते, त्यासाठी तिने प्राधिकरणाकडून काहीही लाभ घेतला नव्हता. सेवाकाळात दोनदा हा लाभ देणे, हा त्या नियमाचा हेतू आहे. लोकसंख्या रोखण्याचे साधन म्हणून तो वापरता येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तमिळनाडूतील एका शासकीय शिक्षिकेच्या अशाच प्रकरणात मातेच्या बाजूने निर्णय दिला.

हा निवाडा त्या प्राधिकरणाच्या नियमाविषयी आहे, हे विसरू नये. सर्वसाधारण कायदा असा : हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवड्यांची पगारी रजा, दोन किंवा अधिक असतील तर १२ आठवड्यांची. म्हणजे तिसऱ्या अपत्याच्या वेळी रजाच नाही, असे कायदा म्हणत नाही. त्यासाठी बाळंतपणापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. कारखान्यांत, रुग्णालयांत व शाळांत कंत्राटावर काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे माहीत करून घ्यावे. आपल्या संस्था चालवणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावे. वेदीवरून जीवनाचे पावित्र्य शिकवायचे आणि कार्यालयात गरोदर शिक्षिकेला राजीनामा सुचवायचा, हे आपल्याला शोभणारे नाही. कामगारांच्या हक्कांविषयी १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी परिपत्रक काढले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, त्यामागे त्या परिपत्रकाची आठवण आहे.

दाद कोठे मागावी?

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अन्याय सोसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. स्त्रिया व बालकांसाठी उत्पन्नाची अट नाही. कल्याण व उल्हासनगर येथील न्यायालयांत चौकशी करावी किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

लूककृत शुभवर्तमानात एक विधवा आहे. तिच्याजवळ पैसा नाही, वशिला नाही. ती केवळ पुन्हा पुन्हा न्यायाधीशाच्या दारी जाते. प्रभूने तिचे उदाहरण प्रार्थनेसाठी दिले, हे खरे. पण ती न्यायही मागत होती, हेही तितकेच खरे. आपल्या धर्मग्रामात अशी एखादी भगिनी असेल, तर तिच्यासोबत न्यायालयाच्या पायरीपर्यंत कोणीतरी जावे, एवढीच आमची विनंती.