चोवीस खिडक्या आणि रिकामा फ्रिज

मागच्या भागात व्हिसाचं रडगाणं झालं, आज जरा हलकं काहीतरी. डिसेंबर चालू आहे, तर जर्मनीतल्या माझ्या पहिल्या ख्रिसमसची गोष्ट. साल २०२३, शहर श्टुटगार्ट.

१ डिसेंबरला ऑफिसात सगळ्यांना ॲडव्हेंट कॅलेंडर मिळालं. म्हणजे पुठ्ठ्याचा चपटा खोका, त्यावर आकडे लिहिलेल्या छोट्या खिडक्या. रोज एक उघडायची, आतलं चॉकलेट खायचं. मी मोजल्या तर २४ च. ख्रिसमस २५ ला ना? मला वाटलं, ऑफ-बाय-वनचा बग आहे, लूप एक फेरी आधीच संपतोय! टीममधल्या एकाला तसं सांगितलंही. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे. आमचा सण २४ ला संध्याकाळी."

तर हे पहिलं. इथे भेटवस्तू २४ च्या संध्याकाळीच उघडतात. त्या आणणाराही सगळीकडे सांता नसतो. दक्षिणेत बऱ्याच घरांत ख्रिस्टकिंड, म्हणजे ख्रिस्तबाळ, त्या आणतं. ते कोणाला दिसत नाही. घंटी वाजते, मुलं धावत येतात आणि झाडाखाली वस्तू हजर. लांब दाढीचा सेंट निकोलस वेगळाच. तो ६ डिसेंबरचा, मुलांनी घासूनपुसून ठेवलेल्या बुटांत खाऊ ठेवून जातो. एका महिन्यात दोन डिलिव्हरी, दोन वेगळे व्हेंडर.

पण माझा खरा पोपट झाला तो पुढे. इथल्या ख्रिसमस बाजाराची नोंद थेट १६९२ पासून सापडते. लाकडी दुकानं, छपरांवर सजावट, गरम मसाल्याची वाइन. तिच्या मगचं डिपॉझिट आधी भरायचं. मग आवडला तर घरी न्या, नाहीतर पैसे परत. मी नोव्हेंबरपासून दर आठवड्याला जात होतो आणि मनात हिशोब असा, की आत्ताच एवढी धमाल, तर ख्रिसमसला काय असेल! दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी रोड जसा असतो, तसं काहीतरी. बाजार २३ ला रात्री संपला. ख्रिसमस बाजार, ख्रिसमसच्या आधी बंद!

बरं, त्या वर्षी २४ ला रविवार होता. रविवारी इथे दुकानं बंद असतात, तेवढं मला कळलं होतं. म्हटलं, सोमवारी सणाचा दिवस, तेव्हा आणू सामान. २५ ला सुट्टी. २६ लाही सुट्टी, तिला इथे चक्क दुसरा ख्रिसमस म्हणतात. म्हणजे शनिवारी रात्री बंद झालेली सुपरमार्केटं थेट बुधवारी उघडणार. माझ्या फ्रिजमध्ये अर्धा कांदा, केचप आणि दोन अंडी. वर शहाणपणा करून ऑन-कॉल ड्युटीही मीच मागून घेतलेली, "माझा काही सण नाही" म्हणून.

२४ ला दुपारी जिन्यात तळमजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी विचारलं, "आज कुठे?" मी म्हटलं, "इथेच, घरी, एकटाच." सहज बोललो हो, पण त्यांचा चेहरा असा पडला, जणू माझ्या घरी काही वाईट झालंय. मला नंतर कळलं, इथे २४ ची संध्याकाळ एकट्याने काढणं म्हणजे आपल्याकडे भाऊबीजेला बहिणीने वाट बघत बसण्यासारखं.

मी तसाच रेल्वे स्टेशनवर गेलो, कारण तिथली काही दुकानं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात. दुधाच्या रांगेत पुढे तेलुगू चालू, मागे हिंदी, बाजूला तुर्की. सगळे माझ्यासारखेच सोमवारच्या भरवशावर राहिलेले! परत आलो तर पाचलाच काळोख. रस्त्यावर माणूस नाही, एक ट्राम गेली तीही जवळजवळ रिकामी. आईचा व्हिडिओ कॉल आला, "काय खाल्लंस?" कॅमेरा फ्रिजकडे जाणार नाही याची काळजी घेत मी म्हटलं, "मस्त बेत आहे."

सहाला बेल वाजली. दारात आजी, हातात डबा. आत बटाट्याची कोशिंबीर आणि दोन सॉसेज. हाच म्हणे सणाचा बेत! मी केक-बिक धरून बसलेलो. बऱ्याच जर्मन घरांत त्या रात्री हेच खातात. मोठं जेवण दुसऱ्या दिवशी. आजी बजावून गेल्या, की ही श्वेबियन पद्धत आहे, व्हिनेगर आणि गरम सूप घालून केलेली. उत्तरेतले लोक हिच्यात मेयोनीज घालतात, त्यांचं ऐकायचं नाही. थोडक्यात, आपला मिसळीचा वाद.

डबा रिकामा कसा द्यायचा? आईने दिवाळीला पाठवलेल्या चकल्या उरल्या होत्या, त्या भरल्या आणि २६ ला खाली गेलो. (आणि हो, तीन दिवसांत ऑन-कॉलला एकही अलर्ट नाही. सिस्टीम बिघडवणारे सगळे सुट्टीवर!) जानेवारीत आजींनी झाड काढायच्या आधी मला चहाला बोलावलं. बघतो तर झाडावर लाल रिबिनीत बांधलेल्या तीन चकल्या. मी म्हटलं, "आजी, ते खायचं असतं." म्हणाल्या, "माहितेय. बाकीच्या खाल्ल्या. तिखट होत्या."