पुढे पाठवण्यापूर्वी थोडे थांबा

समाजमाध्यमांनी दूरची माणसे जवळ आणली आणि संकटात अनेकांना हात दिला. पण अफवा घरोघर पोहोचवल्या त्याही याच माध्यमांनी. त्यांचा लाभ घेताना घरातील प्रत्येकाने कोणती काळजी घ्यायला हवी?

हल्ली सकाळी दूधवाला येण्याआधीच मोबाइलवर निरोपांचा ढीग पडलेला असतो. मावशीने फुलांच्या चित्रासह 'सुप्रभात' म्हटलेले असते, सोसायटीच्या गटावर पाणी उशिरा येणार असल्याची सूचना असते, शाळेच्या गटावर मुलांचा गृहपाठ असतो. त्यातच कुणीतरी पाठवलेला, 'सावध राहा, सर्वांना कळवा' असा एक निरोपही असतो. आपण तो वाचतो आणि चहाचा कप हाती घेण्यापूर्वी चार गटांवर पाठवूनही देतो.

हे सारे किती लवकर अंगवळणी पडले! फेसबुक सुरू झाले २००४ मध्ये आणि व्हॉट्सअॅप २००९ मध्ये. त्याआधी परगावी असलेल्या मुलाशी बोलायचे तर रात्री दर कमी होण्याची वाट पाहत एसटीडी बूथपुढे रांग लावावी लागे. आज इंदूर, बडोदे किंवा बंगळुरूला स्थायिक झालेली भावंडे कुटुंबाच्या गटावर रोज भेटतात. परदेशातील नातवाची पहिली पावले आजी आपल्या खोलीत बसून पाहते. घरी मसाले किंवा लोणची करणारी गृहिणी दुकान न थाटता गिऱ्हाईक मिळवते. हे लाभ लहान नाहीत.

संकटातील आधार

संकटाच्या वेळी तर या माध्यमांचे मोल विशेष जाणवते. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या माणसांनी आपले ठिकाण मोबाइलवरून कळवले. दूरवर बसलेल्या स्वयंसेवकांनी हे निरोप गोळा करून मदत पथकांपर्यंत पोहोचवले. कोळी बांधव होड्या घेऊन मदतीला धावले.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली. प्राणवायूचे सिलिंडर कुठे मिळेल, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे शोधण्यासाठी हजारो लोकांनी समाजमाध्यमांचा आधार घेतला. अनोळखी तरुण-तरुणी रात्रंदिवस दूरध्वनी करून माहितीची खातरजमा करीत आणि कोणता क्रमांक किती वाजता तपासला, तेही लिहीत. नागरिकांनी समाजमाध्यमांवर अशी गाऱ्हाणी मांडली म्हणून त्यांच्यावर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले होते.

मात्र याच दोन प्रसंगांत दुसरी बाजूही दिसली. केरळात धरण फुटल्याची खोटी ध्वनिफीत फिरली आणि आधीच घाबरलेले लोक अधिक भेदरले. करोनाकाळात सिलिंडर देतो म्हणून आगाऊ पैसे उकळणाऱ्या भामट्यांचे क्रमांकही लोकांनी चांगल्या हेतूने पुढे पाठवले. मदतीचा निरोप आणि फसवणुकीचा निरोप एकाच वाटेने, एकाच वेगाने धावतात. फरक पडतो तो मधल्या माणसाने खातरजमा केली की नाही, यामुळे.

'ध' चा 'मा'

अफवा ही काही आजची गोष्ट नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली होती, तेव्हा समाजमाध्यमे कुठे होती? पण त्या वेळी फार तर दूध वाया गेले. २०१८ साली माणसांचे जीव गेले.

त्या वर्षी मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप अनेक राज्यांत फिरत होते. सोबत एक चित्रफीतही असे: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. वस्तुतः ती कराचीत तयार झालेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि मुले बेपत्ता होण्याविषयीचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तोच शेवट कापून टाकला होता.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागची 'ध' चा 'मा' केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत एक अक्षर बदलले होते, इथे काही क्षणांचे दृश्य कापले गेले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तिथे आले. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना मारहाण करून ठार केले. त्याआधी काही दिवस, जूनअखेरीस, त्रिपुरात अशाच अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यासाठी नेमलेल्या माणसालाच जमावाने मारले होते.

असे निरोप पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुष्ट नव्हते. आपल्या लेकराबाळांच्या काळजीनेच त्यांनी ते पाठवले असणार. म्हणूनच ही घटना तुम्हा-आम्हाला अधिक विचार करायला लावणारी आहे. चांगला हेतू पुरेसा नसतो.

या घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, अनेकदा पुढे पाठवला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा निरोपावर दोन बाणांची खूण दिसते. ती दिसली की समजावे, हा निरोप अनेक हातांतून आला आहे आणि मूळ पाठवणारा आपल्याला ठाऊक नाही.

घरातल्या घरात

दुसरे नुकसान गाजावाजा न करता होते. जेवताना प्रत्येकाची मान खाली असते. दुसऱ्यांच्या सहली, नवे दागिने, मुलांचे गुण पाहून आपला संसार उगाच फिका वाटू लागतो. दुरून डोंगर साजरे हे आपण विसरतो. लोक आनंदाचे क्षण टिपून टाकतात. कर्जाचे हप्ते आणि रुसवेफुगवे कुणी टाकत नाही. मोठी माणसे इथे फसतात, तर कोवळ्या वयाच्या मुलांचे काय? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. कायदा करणे सरकारचे काम असले, तरी घरचे वळण लावण्याचे काम आपलेच आहे.

एवढे करून पाहा

• 'सर्वांना कळवा' असा आग्रह असलेला निरोप तारीख, ठिकाण आणि मूळ पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.
• औषधोपचाराचा सल्ला आला, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• पोलीस असल्याचे सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घातली, तर पैसे देऊ नका. कायद्यात अशी 'डिजिटल अटक' नाही. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.
• जेवताना आणि झोपताना मोबाइल दूर ठेवण्याचा नियम करा आणि तो मोठ्यांनीही पाळा.
• गटावर कुणी चुकीची माहिती टाकली, तर चारचौघांत न खडसावता त्यांना वेगळे कळवा. आजोबांचा मान राहील आणि चूकही सुधारेल.

विचार न करता बोलणाऱ्याला आपल्याकडे 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' म्हणतात. आता जिभेची जागा बोटाने घेतली आहे. ते बटणावर ठेवण्यापूर्वी मिनिटभर खातरजमा करण्याची सवय घरात सर्वांनाच लागली, तर हे साधन आपल्या उपयोगाचेच ठरेल.