एसीचा खर्च किलोमीटरवर नाही, तासावर

रत्नागिरीत हायब्रिड गाडीचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. २०२२ साली होंडा सिटीची ई:एचईव्ही, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा एकामागोमाग बाजारात आल्या, वर्ष संपता संपता इनोव्हा हायक्रॉसही आली. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप या गजबजलेल्या रस्त्यावर आवाज न करता सरकणारी गाडी दिसली तर कुणी वळून बघत नाही. चर्चा होते ती अ‍ॅव्हरेजची. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. मे महिन्यात एसी लावून गावात फिरणाऱ्याला तो डॅशबोर्डवर दिसत नाही. मग कुणी कंपनीला दोष देतो, कुणी बॅटरीला, तर कुणी एसीचं बटण बंद करून घाम पुसत गाडी चालवतो. या सगळ्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

गैरसमज १ : हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो, म्हणजे तो फुकट

एसी बॅटरीवर चालतो हे खरं, पण बॅटरी कशावर चालते? या गाड्यांना घरी चार्जिंग नाही. बॅटरीत येणारी वीज एक तर इंजिन पेट्रोल जाळून तयार करतं, नाहीतर ब्रेक लावताना आणि उतारावर चाकांतून परत मिळते. त्यातली दुसरी वीज गाडी पुढे पळवायलाही वापरता आली असती. म्हणजे एसीने खाल्लेलं प्रत्येक युनिट शेवटी पेट्रोलच्याच खात्यावर पडतं.

शिवाय ही बॅटरी लहान असते. हायरायडरची बॅटरी ०.७६ युनिटची आहे, आणि तीही पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. दमट उन्हाळ्यात एसीला तासाला साधारण एक युनिट लागतं असं धरलं, तर उभ्या गाडीत वीस-पंचवीस मिनिटांत इंजिनाला जाग येणारच.

आता पेट्रोलमध्ये हिशेब करू. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन आणि जनरेटरमधली घट वजा जाता हाती वीज उरते सुमारे ३ युनिट. तेव्हा तासभर एसी म्हणजे साधारण एक तृतीयांश लिटर पेट्रोल. गाडी त्या तासात ६० किलोमीटर धावो की जयस्तंभाजवळ पाच किलोमीटर रखडो, एसीचा खर्च जवळपास तेवढाच. तो किलोमीटरवर लागत नाही, तासावर लागतो. पुढचे बरेच घोळ या एका गोष्टीने सुटतात.

एसी खरोखर फुकटाच्या जवळ जातो तो घाट उतरताना. कोल्हापूरहून आंबा घाटाने येणारी दीड टनाची गाडी ४०० मीटर खाली उतरली, तर तिच्याकडे सुमारे १.६ युनिट ऊर्जा जमा होते. घर्षणात काही जाते, बाकीची चाकांतून बॅटरीकडे येते आणि लहानशी बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. त्यानंतर गाडी इंजिन नुसतंच फिरवून जास्तीची ऊर्जा वाया घालवते. पेट्रोल वाचवायचं म्हणून घाट उतरताना एसी बंद करणारा माणूस नेमक्या चुकीच्या जागी काटकसर करत असतो.

गैरसमज २ : अ‍ॅव्हरेज एवढं पडलं, म्हणजे गाडीत काहीतरी खोट आहे

जाहीर आकडा रस्त्यावर ठरत नाही. भारतातल्या ठरावीक चाचणीत गाडी रोलरवर चढवतात आणि तिला आखून दिलेल्या वेगांनी पळवतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, आणि २७.९७ सारखे आकडे आलेल्या या चाचणीत एसी बंद असतो. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, म्हणून लोक या आकड्याला सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. कोकणातल्या मे महिन्याचा अंदाज मात्र त्यातून येत नाही.

तरीही हायब्रिडवाल्याची तक्रार असते, ‘माझ्या जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एसीने एवढं कधी पडलं नव्हतं.’ हे निरीक्षण बरोबर आहे. काढलेला निष्कर्ष चूक आहे.

समजा गावातल्या गर्दीत सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर आहे. साधी पेट्रोल गाडी एसीशिवाय लिटरला १२ देते, म्हणजे तासाला दीड लिटर जाळते. हायब्रिड २४ देते, म्हणजे तासाला पाऊण लिटर. दोघींवर एसीचा सारखाच, एक तृतीयांश लिटरचा भार टाकला, तर साधी गाडी १२ वरून ९.८ वर येते आणि हायब्रिड २४ वरून १६.६ वर. एकीचे जेमतेम दोन गेले, दुसरीचे सात. एसीने खाल्लेलं पेट्रोल मात्र दोन्हीकडे तेवढंच. हायब्रिडचा मूळ खर्चच कमी, म्हणून त्यावर पडलेली भर डोळ्यांत भरते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहितीही हेच सांगते. कडक उन्हाळ्यात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, साध्या गाडीची इंधनक्षमता एसीमुळे २५ टक्क्यांहून अधिक घसरू शकते, आणि हायब्रिडमध्ये टक्केवारीने ही घसरण त्याहून मोठी असू शकते.

तीच हायब्रिड हातखंब्याला महामार्गाला लागली, सरासरी ताशी ६० ने पळाली आणि एसीशिवाय लिटरला २२ देत असेल, तर एसी लावून १९.६ देईल. गाडी तीच, एसी तोच. गावात साताचा फटका, महामार्गावर अडीचाच्या आत.

छोट्या फेरीला आणखी एक गोष्ट नडते. उन्हात तापलेली गाडी गार करताना पहिली काही मिनिटं कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालतो आणि नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो. घर ते बाजार ही फेरी दहा मिनिटांत संपली, तर गाडीने सगळा वेळ हा महागडा भागच भोगलेला असतो.

गैरसमज ३ : वाहतूक कोंडीत हायब्रिडचा काही फायदा नाही

गणपतीत मुंबईहून निघालेले चाकरमानी इंदापूर-माणगावला तासन्‌तास अडकतात, तेव्हाचं उदाहरण घ्या. साध्या गाडीत एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालूच ठेवावं लागतं. उभ्या जागी एसीसकट तासाला साधारण एक लिटर पेट्रोल धुरात जातं, कारण मंद चालणारं इंजिन अतिशय अकार्यक्षम असतं. हायब्रिडचं इंजिन मधूनमधून काही मिनिटं चालू होतं, योग्य भारावर चालून बॅटरी भरतं आणि बंद होतं. तिथे खर्च एक तृतीयांश लिटरच्या आसपास. सहा तास अडकलं, तर एकीचे सहा लिटर आणि दुसरीचे दोन. या वेळी डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज मात्र खालीच जात राहतं, कारण किलोमीटर वाढतच नाहीत.

गैरसमज ४ : सिग्नलला इंजिन बंद झालं की एसी गरम हवा फेकतो

हे काही गाड्यांबाबत खरं आहे, पण त्या स्ट्राँग हायब्रिड नव्हेत. मारुतीच्या ब्रेझा किंवा एर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असतं, त्या माइल्ड हायब्रिड. त्यांचा कॉम्प्रेसर साध्या गाडीसारखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो. थोड्या वेळात हवा कोंदट होते आणि गाडी स्वतःच इंजिन पुन्हा चालू करते.

ही अडचण जुनी आहे. टोयोटाच्या १९९७ च्या पहिल्या प्रियसचा कॉम्प्रेसरही पट्ट्यावरच होता. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आला आणि इंजिन बंद असतानाही गारवा टिकू लागला. भारतात २००८ साली विकायला आलेल्या होंडा सिव्हिक हायब्रिडने मधला मार्ग काढला होता. तिचा कॉम्प्रेसर दुहेरी होता, पट्ट्यावरही फिरायचा आणि विजेवरही. आजच्या हायरायडर, सिटी ई:एचईव्ही किंवा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये तो थेट विजेवर चालतो आणि घरच्या इन्व्हर्टर एसीसारखा गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो.

गैरसमज ५ : कोकणात पारा चाळिशीला जात नाही, एसीला काम कमी

रत्नागिरीचा पारा मे महिन्यात ३२-३३ अंशांवर असतो, नागपूरचा ४४ वर. तरीही रत्नागिरीतल्या एसीला हलकं काम नसतं, कारण त्याला हवा नुसती गार करायची नसते, कोरडीही करायची असते. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत २३ ते २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ती ९ ग्रॅमच्या आसपास. २४ अंशांच्या सुखद हवेत साधारण ११ ग्रॅम पुरे. म्हणजे नागपुरात काढून टाकायला पाणी जवळजवळ नाहीच. रत्नागिरीत बाहेरून आलेल्या प्रत्येक घनमीटर हवेतून १२-१३ ग्रॅम पाणी पिळून काढावं लागतं, आणि एक लिटर पाणी असं काढायचं तर सुमारे ०.६८ युनिट उष्णता खेचून घ्यावी लागते. नागपूरच्या रखरखीत उन्हाचा आणि तापलेल्या टपाचा भार वेगळा, तो तिथे जास्तच. पण नुसती हवा तपासली, तर वाफेत दडलेली उष्णता धरून रत्नागिरीची हवा नागपूरच्या हवेपेक्षा जड भरते.

मांडवीला उभ्या केलेल्या गाडीखाली, पुढच्या चाकांच्या मागे, ठिबकून झालेलं थारोळं दिसतं ते हेच पाणी. ते स्वच्छ, बिनवासाचं आणि बिनरंगाचं असेल तर गळती नव्हे, एसी आपलं काम चोख करतोय.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आतलीच हवा फिरवणारं बटण. एकदा कोरडी केलेली हवा परत वापरली की बाहेरची दमट हवा पुन्हा पुन्हा वाळवावी लागत नाही. लांबच्या प्रवासात अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर चार माणसांच्या श्वासाने आत जडपणा येतो आणि डुलकी लागते.

गैरसमज ६ : काचा उघड्या ठेवल्या की पेट्रोल वाचतंच

आरे-वारेच्या किनारी रस्त्यावर ताशी ३०-४० ने जाताना नक्की वाचतं. महामार्गावर वेग ८०-९० झाला की उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि बचतीचा बराच भाग त्यात जातो. किती जातो हे गाडीच्या आकारावर ठरतं. काचांचा खरा उपयोग सुरुवातीच्या दोन मिनिटांत आहे. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली की काचा खाली करून निघावं, आतली भट्टी बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून एसी चालू करावा. निघण्याआधी उभ्या गाडीत दहा मिनिटं एसी लावून ठेवण्यापेक्षा चालती गाडी लवकर गार होते.

पावसाळ्यात तर हा प्रश्नच उरत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत काचा खाली करता येत नाहीत आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. ती पुसायला फडका नव्हे, एसी लागतो, कारण एसी हवा कोरडी करतो. घाटात पेट्रोलसाठी तो बंद ठेवणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज ७ : एसीमुळे बॅटरीचं आयुष्य घटतं

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी प्रवाशांच्या बाजूचीच हवा ओढून गार राहते आणि त्यासाठी मागच्या सीटजवळ एक जाळी असते. आत गारवा असला की बॅटरीलाही तो मिळतो. धोका दुसराच असतो. आंब्याच्या दिवसांत मागे पेट्या, पिशव्या आणि अंथरुणं कोंबली की ही जाळी झाकली जाते. सामान भरताना तेवढी जागा मोकळी सोडावी.

गैरसमज ८ : इंजिन बंद आहे ना, मग बंद शेडमध्ये एसी लावून झोपायला हरकत नाही

हा सगळ्यात घातक. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर गाडी चालूच आहे, आवाज असो वा नसो. बॅटरी उतरली की इंजिन कुणालाही न विचारता सुरू होतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. बंद गॅरेजमध्ये ‘रेडी’ अवस्थेत गाडी सोडायचीच नाही.

गैरसमज ९ : एसीचा गॅस काय, कुठेही भरता येतो

विजेच्या कॉम्प्रेसरची मोटर एसीच्याच तेलात आणि गॅसमध्ये बुडून फिरते, म्हणून तिथे वीज न वाहून नेणारं वेगळं तेल लागतं. साध्या गाड्यांच्या एसीत चालणारं तेल चुकून थोडं जरी मिसळलं, तरी इन्सुलेशन कमजोर होतं, गाडी वीजगळतीचा इशारा देऊ लागते आणि अख्खा कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते. ज्या मशीनने आधी दहा साध्या गाड्यांत गॅस भरला, त्याच्या नळीत उरलेलं तेलही त्याला पुरतं. बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या नारिंगी जाड वायरी शे-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाच्या असतात, त्यांना प्रशिक्षण नसलेल्या हाताने शिवायचं नाही. काम देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : हायब्रिडसाठी वेगळं मशीन किंवा धुतलेली नळी आहे का, आणि तेल कोणतं घालणार? बिलावर तेलाचं नाव आणि गॅस किती ग्रॅम भरला, हे लिहून घ्यावं.