बालकांची सांधेदुखी : वेळीच निदान, योग्य उपचार

संधिवात हा उतारवयातील विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि तो लहान मुलांनाही जडतो. लंडन येथील बालरोगचिकित्सक जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये अशा २२ बालकांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. वयाची १६ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि अन्य कारण न आढळलेली सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात होय. यात रोगजंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उपचारांत दिरंगाई झाल्यास सांधा कायमचा आखडतो व हाडांची वाढही बिघडते.

लक्षणे कशी ओळखावीत?

सकाळी उठताना मूल लंगडते, सांधे ताठरलेले असतात आणि दिवस वर येईल तसे ते मोकळे होतात, ही या विकाराची मुख्य खूण आहे. लहान मूल दुखते असे सांगत नाही. ते कडेवर घेण्याचा हट्ट धरते. शाळेत मांडी घालून बसणे टाळणे, अक्षर बिघडणे, खेळातून अंग काढून घेणे या गोष्टी शिक्षकांच्या नजरेस प्रथम येतात. अशा मुलाला आळशी ठरवून शिक्षा करणे अन्यायाचे होईल. वाढत्या वयातील साधी पायदुखी निराळी असते. ती रात्री दोन्ही पायांत जाणवते, सूज नसते आणि सकाळी मूल पूर्ववत खेळू लागते.

तज्ज्ञ काय करतात?

बालसंधिवाततज्ज्ञ प्रत्येक सांधा तपासतात आणि सांध्याचा क्षयरोग, रक्ताचा कर्करोग, संधिवाती ताप यांची शक्यता पडताळतात. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापात दुखणे एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकते व हृदयाच्या झडपांना इजा पोहोचू शकते. त्यासाठी ठराविक अंतराने पेनिसिलिनची इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागतात. बालसंधिवात मात्र एका रक्तचाचणीने ठरत नाही. ‘आर. ए. फॅक्टर’ ही चाचणी बहुसंख्य बालरुग्णांत नकारार्थीच येते. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी आजार नाही, असे समजू नये.

या विकारात डोळ्यांच्या आतील भागालाही सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. दृष्टी मात्र हळूहळू क्षीण होते. यास्तव नेत्रतज्ज्ञांकडून नियमित तपासणी आवश्यक ठरते.

उपचारांत सूज उतरवणारी औषधे, सांध्यात द्यावयाचे इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट आणि गरजेनुसार नवी जैविक औषधे यांचा समावेश होतो. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. व्यायामोपचारही तितकाच महत्त्वाचा आहे. लस देण्यापूर्वी चालू औषधांची माहिती आरोग्यसेविकेस अवश्य द्यावी.

कोठे जावे?

या शाखेचे तज्ज्ञ अद्याप थोडे असून ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत आढळतात. मुंबईत परळ येथील १९२९ मध्ये सुरू झालेल्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात ही सेवा उपलब्ध आहे. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत या शाखेचे उच्च शिक्षण दिले जाते. ग्रामीण भागातील पालकांनी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालय असा मार्ग अनुसरावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत पथके शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा तपासणीसाठी येतात. लंगडणाऱ्या वा सांधे सुजलेल्या मुलांची नावे शिक्षकांनी पथकास सांगावीत. मात्र त्यासाठी पथकाची वाट पाहत थांबू नये. सुजलेला सांधा तापासह आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मालिश, डाग देणे किंवा अनोळखी पुड्या यांत अमूल्य महिने वाया जातात. पंचायत सदस्यांनी याबाबत पालकांना समजावून सांगितल्यास व रुग्णालयात जाण्याची सोय करून दिल्यास अनेक मुलांची पावले पुन्हा मैदानाकडे वळू शकतील.