व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि टॅपेट

व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि टॅपेट हे अंतर्ज्वलन इंजिनातील झडपांची उघडझाप नियंत्रित करणारे भाग आहेत. कॅमशाफ्टवरील उंचवटा टॅपेटला उचलतो व झडप उघडते. ती मिटवण्याचे काम स्प्रिंग करते. अधिक शक्तीसाठी इंजिनात बदल करताना या दोहोंचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

कार्य

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते. स्प्रिंग दुबळी असल्यास टॅपेटचा कॅमशी असलेला संपर्क सुटतो व झडप वेळेवर मिटत नाही. या अवस्थेस ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. तीत शक्ती घटते. काही इंजिनांत झडप पिस्टनवर आदळून दोन्हींची हानी होते. याउलट, गरजेपेक्षा ताठ स्प्रिंगमुळे कॅम व टॅपेट लवकर झिजतात.

टॅपेटचे प्रकार

घन टॅपेटच्या रचनेत थोडी मोकळीक ठेवावी लागते, कारण झडप तापल्यावर लांबते. मोकळीक अपुरी असल्यास झडप पूर्ण मिटत नाही व तिची कड जळते. ही मोकळीक फिलर गेजने तपासतात. गॅरेजमध्ये या कामास ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. कुर्ला (मुंबई) येथे पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या १,०८९ घनसेंमी पुशरॉड इंजिनात हे काम ठरावीक काळाने करावे लागे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेलाच्या दाबामुळे मोकळीक आपोआप नाहीशी होते.

जुळणी

प्रथम झडप मिटलेली असताना स्प्रिंगची उंची मोजतात व गरजेप्रमाणे शिम घालतात. त्या उंचीला स्प्रिंगचा दाब कॅमच्या निर्मात्याने सांगितल्याइतका असावा लागतो. झडप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, साधारण १.५ मिमी अंतर राखतात. उदाहरणार्थ, बसवलेली उंची ४५ मिमी व झडपेची उचल १२ मिमी असल्यास स्प्रिंग ३३ मिमीपर्यंत दबते. म्हणून पूर्ण मिटलेल्या वेढ्यांची उंची ३१.५ मिमीपेक्षा अधिक नसावी.

घाटरस्त्यावरील महत्त्व

पनवेलजवळील कळंबोली येथून सुरू होणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग बोरघाटातून जातो. घाट उतरताना वेगात असलेली मोटार चुकून फार खालच्या गिअरमध्ये टाकल्यास चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. इंधन तोडून गती रोखणारी यंत्रणा अशा वेळी निरुपयोगी ठरते, कारण इंजिनाला गती इंधनातून मिळत नसते. झडपा आवरण्याचा सारा भार तेव्हा स्प्रिंगवर पडतो.