एक नांव, दोन मालक
यवतमाळ जिल्ह्यांत बाभुळगांव आहे, तसें अकोला जिल्ह्यांतही आहे. पाकिटावर जिल्हा न लिहिल्यास पत्र भलतीकडे जाण्याचा संभव.

संगणकाच्या ‘सी’ भाषेंतही असेंच घडतें. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानुसार तिच्या भांडारांतील फंक्शनच्याच नांवाचा मॅक्रोही असूं शकतो. मॅक्रो म्हणजे नांवाच्या जागीं आधींच बसविला जाणारा मजकूर. फाइलींतून एक अक्षर वाचणारा ‘गेटसी’ मॅक्रो असल्यास कंसांतील फाइलचें पद एकाहून अधिक वेळां मोजलें जाऊं शकतें. त्यांत ‘पुढच्या फाइलीकडे सरक’ अशी आज्ञा असल्यास भलतीच फाइल मुकाट्यानें वाचली जाईल.

उपाय सोपा आहे. नांवापाठोपाठ उघडणारा कंस दिसला, तरच असा मॅक्रो जागा होतो. म्हणून नांवासच निराळ्या कंसांत ठेवावें. मग खरें फंक्शनच चालतें. हा कंस म्हणजे पाकिटावरील जिल्हाच होय.